संदर्भांची राखण



इस्लामपूर या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखले गेलेले वाळवा तालुक्याचे हे मुख्य ठिकाण ऊस, सहकार आणि स्वातंत्र्यलढा यांमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. शिक्षणाच्या क्षेत्रातही या परिसराने मोठी मजल मारली आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९६२ साली कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. १९८३ साली जवळच्या साखराळे येथे राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था उभी राहिली. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी अक्षरओळखही दुर्मिळ होती, अशा कित्येक घरांतील मुलेमुली आज पीएच. डी.चे प्रबंध लिहीत आहेत. प्रबंधलेखनातील ज्या एका बाबीकडे अखेरपर्यंत दुर्लक्ष होते, ती म्हणजे संदर्भांची व्यवस्था. तिचाच विचार येथे करावयाचा आहे.

शेतकऱ्याला परिचित असलेल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर फेरफाराचा केवळ क्रमांक असतो. व्यवहार कोणता झाला, कोणात झाला, त्यास मंजुरी केव्हा मिळाली, हा सारा तपशील गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो. नोंदवही सुरक्षित असेल तर क्रमांकाला अर्थ राहतो. प्रबंधातील संदर्भाचेही असेच आहे. मजकुरात लेखकाचे नाव व वर्ष, किंवा नुसता एक आकडा येतो. ग्रंथाचा संपूर्ण तपशील संदर्भसूचीत असतो. हा दुवा तुटला की विधान निराधार होते.

हा दुवा जपण्याची महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण केले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेण्यात आली. कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितातील, हे सांगणारी खूण प्रत्येक पाठभेदाबरोबर दिलेली असते. संगणक नसताना हे काम माणसांनी केले. आज संगणक हाताशी असल्यामुळे श्रम वाचतात. परंतु शिस्तीची गरज संपत नाही.

संदर्भव्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये झोटेरो, मेंडेले आणि एंडनोट ही नावे विशेष प्रचलित आहेत. यांपैकी झोटेरो २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले व ते विनामूल्य मिळते. या साधनांची कार्यपद्धती सोपी आहे. प्रत्येक ग्रंथाची वा लेखाची नोंद एकदाच संग्रहात करावयाची. लिहिताना त्या नोंदीचा संदर्भ मजकुरात घातला, की शेवटची सूची आपोआप तयार होते. दुसऱ्या प्रकरणात नवा संदर्भ आला तर पुढील सर्व क्रमांकही आपोआप बदलतात. मात्र पानावर दिसणारा आकडा हा साधा मजकूर नसून त्यामागे संग्रहातील नोंदीशी जोडणारा अदृश्य दुवा असतो. बहुतेक अपघात हे न जाणल्यामुळे घडतात.

यास्तव काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. पहिले पथ्य असे की, संदर्भ हाताने दुरुस्त करू नये. पानावर केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी सॉफ्टवेअर पुसून टाकते किंवा त्या संदर्भाचा दुवा निकामी होतो. नावात चूक असल्यास ती संग्रहातील नोंदीत सुधारावी. पृष्ठक्रमांक त्यासाठी राखलेल्या रकान्यातच भरावा. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे बावीस खंड आहेत. ‘राजवाडे, १८९८’ एवढ्याने वाचकाला मूळ पत्र सापडत नाही. खंड व लेखांक दोन्ही द्यावे लागतात.

दुसरे पथ्य दुबार नोंदींविषयी आहे. एकच ग्रंथ संग्रहात दोनदा आला असल्यास एक नोंद पुसून टाकू नये, दोन्ही नोंदी एकत्र कराव्यात. पुसलेल्या नोंदीशी प्रबंधातील संदर्भ जोडलेले असतील तर ते पोरके होतात.

तिसरे पथ्य फाईल हाताळण्याचे होय. प्रबंध एका लेखन-सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना, किंवा वेगळ्या स्वरूपात साठविताना, दुवे नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून आरंभापासून अखेरपर्यंत एकच सॉफ्टवेअर वापरावे. मार्गदर्शकांनी सूचना टिप्पणीच्या रूपात द्याव्यात, संदर्भ पुन्हा टंकलिखित करू नयेत. दुवे तोडून साधा मजकूर करण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते; ती अगदी शेवटी, आणि तीही वेगळ्या प्रतीवरच वापरावी. मूळ फाईल सजीव दुव्यांसह जपून ठेवावी. परीक्षकांनी दुरुस्ती सुचविल्यास तीच उपयोगी पडते.

चौथे पथ्य राखीव प्रतींचे. प्रबंधाची फाईल जपली आणि संग्रह गमावला, असे होऊ नये. प्रत दोहोंची ठेवावी. एक प्रत घरी, एक महाविद्यालयात आणि एक अन्य सुरक्षित ठिकाणी असावी, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे. झोटेरोची मूळ माहिती साठविणारा फोल्डर मात्र इंटरनेटवर आपोआप जुळणाऱ्या साठवणीत ठेवू नये. त्यामुळे संग्रह बिघडू शकतो. त्यासाठी त्या सॉफ्टवेअरचीच जुळवणीची सोय वापरावी.

मराठीतून लिहिणाऱ्यांनी आणखी थोडी दक्षता घ्यावी. एकाच लेखकाचे नाव कधी पूर्ण, कधी आद्याक्षरांनी, तर कधी रोमन लिपीत नोंदले, तर संगणक त्यास तीन निरनिराळ्या व्यक्ती समजतो. जुन्या ग्रंथांवर शक असतो. शके १८२० म्हणजे इसवी सन १८९८-९९ हे ध्यानात घेऊन एकच पद्धत स्वीकारावी. स्थलनामांचेही तसेच. राज्य शासनाने २०२५ साली इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. तथापि एखाद्या जुन्या पुस्तिकेवर प्रकाशनस्थळ ‘इस्लामपूर’ असे छापले असेल, तर नोंदीत ते तसेच राहिले पाहिजे. संदर्भ हा छापलेल्या पानाचा साक्षीदार असतो.

या साऱ्याचे महत्त्व केवळ टापटिपीपुरते नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांहून अधिक व ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास ठरावीक मुदतीत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो; ४० ते ६० टक्के साम्य असल्यास एक वर्ष तो सादर करता येत नाही; ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. म्हणजेच ज्या संशोधकाने प्रामाणिकपणे श्रेय दिले होते, त्याचे संदर्भ तांत्रिक निष्काळजीपणाने गळाले, तर तोच मजकूर उसनवारीत जमा होऊ शकतो. कित्येक वर्षांच्या कष्टांवर असे पाणी पडू देणे योग्य नाही.

संगणक सूची लावून देतो. नोंद खरी आहे की खोटी, हे तो सांगत नाही. इंटरनेटवरून आपोआप आलेल्या नोंदींत चुका असतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर अस्तित्वात नसलेले ग्रंथही सुचवितात. म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वी प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथाशी ताडून पाहावा. हे काम रोजच्या रोज थोडे थोडे केल्यास जड जात नाही. उभ्या पिकाची राखण पेरणीपासूनच करावी लागते. मळणीच्या दिवशी ती करता येत नाही. उद्याच्या संशोधकाला आजच्या प्रबंधावरून मूळ साधनापर्यंत निःशंकपणे पोहोचता यावे, यासाठी ही राखण अवश्य केली पाहिजे.