ऐकत नाही, की ऐकू येत नाही?
(वर्धापनसोहळ्यानिमित्त नंदगड येथे दिलेले व्याख्यान)



'मुलगा ऐकत नाही' ह्या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. मुलगा सांगितलेले पाळीत नाही, हा एक. आणि त्याच्या कानी शब्दच पोचत नाही, हा दुसरा. भाषेने एकाच क्रियापदावर हे दोन्ही भार टाकले आहेत. कन्नडातही निराळे नाही. 'मातु केळुवुदिल्ल' असे म्हटले की अवज्ञाच अभिप्रेत असते. 'केळु' ह्या धातूत मात्र ऐकण्याचाही अर्थ आहे आणि विचारण्याचाही. नंदगडसारख्या गावी पालकांची तक्रार दोन्ही भाषांत होते आणि दोन्ही भाषांत तिचा पहिला अर्थ आधी घेतला जातो. दुसरा अर्थ शिक्षेच्या आधी तपासून पाहावा, हेच ह्या व्याख्यानाचे प्रयोजन होय.

ज्या विद्येला श्रुती असे नाव पडले, तिच्या पाठशाळेत तर ही तपासणी अधिकच अगत्याची. गुरूने संथा द्यावी आणि शिष्याने ती तशीच परत म्हणावी, ह्या पद्धतीचा सारा आधार कान हाच आहे. स्वर सखल नादाचे असतात. ते बहुधा ऐकू येतात. परंतु स, श, त, क अशा व्यंजनांचा नाद सूक्ष्म व उंच असतो आणि श्रवणशक्ती उणावू लागली की पुष्कळदा तीच आधी निसटतात. असा विद्यार्थी चाल बरोबर धरतो, अक्षरे मात्र चुकवितो. गुरुजींना वाटते, ह्याचे लक्ष नाही. शेजारच्याच्या ओठांकडे तो पाहत राहतो, त्यास चाळा म्हणतात. मग त्याची कानउघाडणी होते. शब्द किती चपखल आहे! पण ज्याचा कान खरोखरच बंद आहे त्याचा तो ह्या उपायाने उघडत नाही.

कानाची रचना थोडक्यात अशी. बाहेरचा कान म्हणजे पाळी आणि आत जाणारी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नळी. तिच्या टोकाशी पडदा. पडद्यापलीकडे हवेने भरलेली छोटी पोकळी, तो मधला कान. त्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे साखळीने जोडलेली आहेत. त्यांतील रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. त्याही आत गोगलगाईच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा आतील कान. त्यातील केशपेशी नादाचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. मधल्या कानापासून नाकाच्या मागे घशात उतरणारी एक नळी आहे, तिच्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सम राहतो. घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळताच सुटतात, ते ह्याच नळीच्या योगाने.

बाहेरच्या वा मधल्या कानात अडथळा आला तर नाद आत पोचत नाही; हा वहनाचा दोष, आणि तो पुष्कळ वेळा दुरुस्त होतो. आतील कान वा मज्जातंतू बिघडला तर तो दोष बहुधा कायमचा. कारण माणसाच्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहिल्या प्रकारचा बहिरेपणा दुर्लक्षाने वाढविणे हा दोष घराचा, आणि दुसऱ्यावर तेलाचे थेंब टाकीत वर्षे घालविणे हाही घराचाच.

शाळकरी मुलांत सर्वांत अधिक आढळणारा विकार न दुखणारा असतो, आणि म्हणूनच तो लक्षात येत नाही. मुलांमध्ये कान व घसा यांना जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते. वारंवार सर्दी झाली, किंवा नाकामागची ॲडेनॉइड ही गाठ वाढली, की ती तुंबते आणि मधल्या कानात चिकट पाणी साचते. ताप नाही, ठणका नाही. फक्त नाद दबतो, जणू कानावर उशी ठेवली आहे. असे मूल तोंडाने श्वास घेते, रात्री घोरते, 'काय?' असे वरचेवर विचारते. दूरदर्शनचा आवाज मोठा लावते. विशेष म्हणजे त्याचे ऐकणे दिवसागणिक बदलते. आज ऐकले, उद्या ऐकले नाही. तेव्हा 'हवे तेव्हा बरे ऐकू येते' हा आरोप ठरलेलाच. पुष्कळ मुलांत हे पाणी तीनेक महिन्यांत आपोआप जिरते, म्हणून वैद्य काही काळ वाट पाहतात. न जिरल्यास पडद्यास सूक्ष्म छेद देऊन ते काढतात व त्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवितात. चुलीचा वा विडीचा धूर आणि तान्ह्या मुलास सपाट निजवून बाटलीने दूध पाजणे, ही दोन्ही ह्या विकारास साह्यभूत होतात.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. मुलाच्या मागे हाताच्या अंतरावर उभे राहावे, त्याचा एक कान बंद करवावा आणि परिचित शब्द कुजबुजत्या स्वरात उच्चारून परत म्हणावयास सांगावे. मागे उभे राहणे महत्त्वाचे, कारण अशी मुले ओठ वाचण्यात तरबेज झालेली असतात. शब्द वारंवार चुकले तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. तेथे नादकाट्याने व श्रवणमापक यंत्राने नक्की काय ते कळते.

येथेच एक अप्रिय गोष्ट बोलणे प्राप्त आहे. कानशिलात मारणे ही शिक्षा घरोघरी चालत आली आहे. पसरलेला तळवा कानावर बसला की नळीतील हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. मुलांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. परंतु कायदा नसता तरीही, ज्या इंद्रियावाचून विद्या आत जात नाही त्याच इंद्रियावर प्रहार करून ती आत घालू पाहणे हे तर्कास धरून नाही. पडदा फाटल्यास कानात काहीही न घालता तो कोरडा ठेवावा. लहान छिद्रे बहुतेक आठवड्यांत भरून येतात. भरले की नाही, हे मात्र दाखवून घ्यावे.

आता कान फुटणे, अर्थात वाहणे. मूल रात्री ठणक्याने रडते, पहाटे उशीवर पू दिसतो आणि ठणका थांबतो. घर सुटकेचा श्वास टाकते. ठणका थांबला तो पडदा फुटून पू वाट काढून गेला म्हणून. वेळीच औषध झाले तर पडदा भरतो. न झाल्यास छिद्र राहते, आणि प्रत्येक सर्दीत, प्रत्येक पोहण्यात कान पुन्हा वाहतो. पाणी शिरू न देणे हा निम्मा उपचार आहे. स्नानापूर्वी कापसाच्या बोळ्यास व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी बसवावा. विहिरीत वा नदीत बुडी घेऊ नये. आलेला पू स्वच्छ कापसाने टिपावा. थेंब कोणते, हे डॉक्टरांनी ठरवावे, कारण छिद्र असताना काही औषधे आतील कानास अपाय करतात. छिद्र न भरल्यास पडदा शिवण्याची शस्त्रक्रिया होते. परंतु स्राव थोडाच असून त्यास कुजकट दुर्गंधी असेल तर ते सौम्य लक्षण मानू नये. हा प्रकार हाड पोखरीत जातो. चेहरा वाकडा होणे, भोवळ, तीव्र डोकेदुखी, कानामागे सूज ही त्याची पुढची पावले होत, आणि तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. त्यास शस्त्रक्रियेवाचून गती नाही.

तेलाविषयी पाठशाळांतून नेहमी शंका निघते : कर्णपूरण तर शास्त्रोक्त आहे, मग निषेध कसा? सुश्रुताने उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले आहेत. कर्णशूल, कर्णनाद, बाधिर्य, कर्णस्राव, कर्णकंडू, कर्णगूथ, पूतिकर्ण यांची लक्षणे त्याने वेगवेगळी दिली आणि चिकित्साही. स्राव असता पूरणाखेरीज पुसणे, धुणे, धुरी देणे हेही त्याने सांगितले, आणि ते अवस्था पाहून करावयाचे आहे. मळ काढावयाचा तर आधी तेलाने भिजवून मग वैद्याने शलाकेने काढावा, असे त्याचे म्हणणे. ह्या शलाकेवरूनच शालाक्यतंत्र हे नाव पडले. म्हणजे परंपरेतही कान पाहणारा वैद्य आधी आहे, तेल मागाहून आहे. घरात मात्र लसूण घालून कढविलेले तेल रोग न पाहताच ओतले जाते. पडदा फुटलेला असेल तर ते सरळ मधल्या कानात जाते. यास्तव वाहणाऱ्या कानात तेल, दूध, पाल्याचा रस यांपैकी काहीच घालू नये. हा नियम सुश्रुतविरोधी नसून त्याच्याच रीतीचा आहे.

मळाचे म्हणाल तर तो घाण नव्हे, संरक्षण आहे. नळीची त्वचा आतून बाहेर सरकत असते व मळ आपोआप बाहेर आणते. काडी, केसाची पिन, किल्ली, कापूस गुंडाळलेली कांडी ही सर्व त्याला आत ढकलतात, आणि बाजारात बसून कान कोरणाऱ्याची सळई तर ह्याच्या कानातले रोग त्याच्या कानात नेते. मळ घट्ट बसून ऐकू येईनासे झाले आणि पडदा शाबूत असल्याची खात्री असेल, तर मऊ करणारे थेंब काही दिवस घालून मग डॉक्टरांकडून काढवावा. धुण्याचे पाणी अंगाइतके कोमट असते. थंड पाण्याने भोवळ येते.

खानापूर तालुक्याचा पावसाळा कानासही ओलाच जातो. ओलसर, कोरलेल्या नळीत बुरशी धरते. असह्य खाज, दडे आणि भिजल्या कागदासारखा पांढरा वा काळसर थर ही तिची खूण. ती डॉक्टरांनी साफ करून बुरशीनाशक थेंब द्यावे लागतात. कानात किडा शिरल्यास, पडदा फुटलेला नसेल तर, कोमटसर गोडे तेल घालून तो आधी मारावा व मग काढून घ्यावा. हरभरा वा चिंचोका गेला असेल तर पाणी घालू नये, तो फुगतो. खेळण्यातील बटणासारखी बॅटरी गेली असेल तर तासांचाही विलंब नको, ती कातडी जाळते.

भिकबाळीची हौस पुन्हा आली आहे, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. कान टोचण्याची जागा सुश्रुताने मऊ पाळीत, सूर्यप्रकाश आरपार दिसेल अशी सांगितली. वरची कूर्चा टोचल्यावर तीत पू झाला तर कूर्चा विरघळून कानाचा आकारच बिघडतो. हौस करावयाचीच तर निर्जंतुक सुईने करावी.

जन्मजात बहिरेपणाचे प्रकरण याहून गंभीर आहे. बहिरे मूल रडते, हसते, सहा महिने बडबडतेही. म्हणून घरास शंका येत नाही. बोलणे उशिरा येते, मग 'ह्याचे वडीलही उशिराच बोलले' असे समाधान निघते आणि भाषा रुजण्याची मोलाची वर्षे जातात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपायास प्रारंभ, हे आजचे मान्य वेळापत्रक आहे. चाचणी झोपलेल्या बाळावरही होते व दुखत नाही. ह्या भागात मामा-भाचीचे आणि आते-मामे भावंडांचे विवाह होत आले आहेत. अशा संबंधांत एकच सदोष जनुक दोहोंकडून येण्याचा संभव वाढतो, आणि बहिरेपणा हे त्याचे एक परिचित फळ आहे. गरोदरपणातील रुबेला हे दुसरे कारण. त्याच्या लसीची मोहीम कर्नाटकात २०१७ मध्ये झाली. बहिऱ्या बाळास श्रवणयंत्र, त्याने न भागल्यास आतील कानात बसविण्याचे कॉक्लिअर रोपण, आणि दोन्ही बाबतींत वाणीचे दीर्घ शिक्षण लागते. खुणांची भाषा हीही पूर्ण भाषाच आहे; तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. केंद्र सरकारची १९८१ पासूनची साहाय्य योजना यंत्रास व रोपणास मदत करते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून हेच काम करीत आहेत. 

प्रौढांत तीन प्रसंग ओळखावे. एका कानाने अचानक, एका दिवसात ऐकू येईनासे झाले, तर सर्दी समजून थांबू नये; पहिल्या दिवसांतील औषधास यश अधिक. दुसरे, जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शने चालू असता कानात गुणगुण वा भोवळ सुरू झाली तर ती त्याच दिवशी डॉक्टरांस सांगावी. तिसरे गोंगाटाचे. ८५ डेसिबलचा नाद आठ तास सोसतो. दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. लाकूड कापण्याच्या गिरणीत कानास रोधक नसतो, आणि मिरवणुकीत ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपुढे लहान मुले नाचतात. २००० च्या ध्वनिनियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास बंदी घातली. पण दुपारच्या भिंतीही केशपेशी मारतातच.

वार्धक्यात ऐकणे हळूहळू उणावते. म्हातारबुवा चारचौघांतून उठून जातात, आणि सून म्हणते, हट्टी झाले आहेत. पुन्हा तोच दुसरा अर्थ! ऐकणे तुटले की संभाषण तुटते. स्मृतिभ्रंशाशीही त्याचा संबंध असल्याचे २०२० च्या लॅन्सेट आयोगाने मांडले आहे. चष्मा लावणाऱ्यास कोणी हसत नाही, यंत्र लावणाऱ्यास मात्र हसतात. यंत्राने कान आळशी होतो, ही समजूत निराधार आहे. परंतु ते पहिल्याच दिवशी गोड लागत नाही. भांड्यांचा खणखणाट आधी टोचतो. शांत खोलीत एका माणसाशी, मग दोघांशी, असे काही आठवडे सवयीचे जातात. बोलणाऱ्याने ओरडू नये, तोंड उजेडाकडे ठेवून सावकाश बोलावे. ओरडण्याने व्यंजने अधिकच विकृत होतात. रात्री यंत्र काढून बॅटरीचे झाकण उघडे ठेवावे, आणि आषाढ-श्रावणात ते ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. इकडच्या पावसात पुष्कळ यंत्रे ओलीनेच बंद पडतात.