हेक्टरी 2,000 लिटरचा हिशेब

पेठ तालुक्यात पावसाळ्यात सुमारे 2,000 मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात बायाबापड्या हंडे घेऊन झऱ्यावर ताटकळतात. माती पाणी कसे धरील, याची चर्चा म्हणूनच इथे व्हायला हवी होती. आमच्या उताराच्या उथळ वरकस जमिनीत पाणी ठरत नाही. ते दमणगंगेच्या वाटेने समुद्राला मिळते.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पुसा हायड्रोजेलवर आज बरेच बोलले जाईल. साखरेसारखे हे कोरडे दाणे स्वतःच्या वजनाच्या साडेतीनशे-चारशे पट शुद्ध पाणी पितात, हे खरे. पण शिफारस आहे हेक्टरी अडीच ते पाच किलोची. पाच किलोंनी 400 पट पाणी धरले तरी ते 2,000 लिटर, म्हणजे हेक्टरभर जेमतेम 0.2 मिलिमीटर पाऊस. पाण्यात क्षार असले की तेवढेही नाही. दाणे पुन्हा पुन्हा भरतात, असे यावर सांगितले जाते. पावसाच्या उघडिपीत त्याचा उपयोग आहेच. पण पावसाळा सरल्यावर ते भरायचे कशाने? याउलट, वरच्या 10 सेंटिमीटर मातीची धारणक्षमता आकारमानाच्या एकाच टक्क्याने वाढली, तर हेक्टरी 10,000 लिटर पाणी जास्त धरले जाते. ते काम शेणखत, पालापाचोळा आणि बांधबंदिस्ती करतात. रोपांच्या वाफ्यासाठी राब भाजण्यात आपण नेमके तेच शेण आणि तोच पाला जाळतो, हेही जाता जाता बोलले पाहिजे. तण मरते, राख मिळते, पण खत जाते.

मग जेल निरुपयोगी का? मुळीच नाही. वाडीतल्या आंब्या-काजूच्या खड्ड्यात 20 ग्रॅम दाणे मातीत कालवले आणि त्यांनी 200 पटच पाणी धरले, तरी रोपाच्या मुळाशी 4 लिटर राहते. एरवी मुरमातून ते खाली निघून गेले असते. पाण्याच्या दोन पाळ्यांतले अंतर त्याने वाढते. पाणी घालणे मात्र सुटत नाही. मातीत प्लास्टिक कालवायचे का, ही शंकाही रास्त आहे. पुसाच्या जेलचा पाया सेल्युलोजचा आहे; बाजारातली कितीतरी जेले निव्वळ कृत्रिम असतात आणि ती विरायला वर्षे लागतात. पुडीवर घटक छापलेले नसतील, तर ती घेऊ नका.

इथे आलेल्या शास्त्रज्ञांना विनंती एवढीच, की चाचण्या वरकस उतारावर घ्या, जूनपर्यंत चालवा आणि जगलेल्या रोपांच्या मोजणीसोबत खर्चही सांगा.