चौकटीवर नाव एकाचं, अडवणारा दुसराच

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी होतं. यंत्राशी संबंध म्हणाल तर सायकलची चेन बसवण्यापलीकडे कधी गेला नाही. तरी आज संगणकाच्या एका दुखण्याबद्दल बोलणार आहे, कारण त्यापायी एक जुना मित्र गमावण्याची वेळ आली होती.

हा मित्र निलंग्याकडचा, पेशानं मास्तर. तीस वर्षांच्या कवितांतून त्यानं मोजक्या निवडल्या आणि पहिल्या संग्रहाला प्रस्तावना माझ्याकडे मागितली. मी चार रात्री जागून आठ पानं लिहिली, ई-मेलला जोडली, 'पाठवा'वर क्लिक केलं आणि निर्धास्त झोपलो. नऊ दिवस गेले. ना पोच, ना फोन. मला राग आला. एवढं लिहून दिलं, 'मिळालं' म्हणायला काय झालं याला? तिकडे तो लोकांना सांगत होता, 'मोठा कवी झालाय तो आता, आमच्या खेडवळ कवितांना वेळ कुठला!' हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. मग संगणक उघडून बघितलं. प्रस्तावना 'आउटबॉक्स'मध्ये जशीच्या तशी. सोबत आणखी सहा पत्रं, त्यातलं एक सांत्वनाचं.

आता कबूल करतो. मेल पाठवताना पडद्यावर इंग्रजीत एक चौकट यायची, वर अँटिव्हायरसचं नाव असायचं. मी न वाचताच 'ओके' करून टाकायचो. आता वाचलं तर लिहिलं होतं, पत्र पाठवता आलं नाही. म्हणजे चोर सापडला! दारावरच्या शिपायानं नाव विचारून थांबवून ठेवणं मला आयुष्यात नवं नाही, त्यामुळे शिपायावर माझा संशय जरा लवकरच जातो. हा प्रोग्रामच उपटून टाकायचा, असं ठरवलं. त्याआधी पुण्याच्या भाच्याला फोन केला, ते बरं झालं.

"मामू, मेल येतायत का?"

"येतायत की. रोज कुणीतरी मला लॉटरी लागल्याचं कळवतो."

"आणि जात एकही नाही? इंटरनेटची लाइन कधी बदलली?"

"गेल्या महिन्यात. पण त्याचा काय संबंध?"

"सांगतो. अँटिव्हायरस काढू नका. त्यातली फक्त मेलची तपासणी पाच मिनिटं थांबवा, स्वतःलाच दोन ओळींचं पत्र पाठवा, फाइल जोडू नका. मग तपासणी लगेच चालू करा."

केलं तसं. पत्र तरीही अडकलंच. शिपाई बाजूला झाला होता, तरी वाट बंदच होती.

भाच्यानं मग जे समजावलं ते असं. मेल येण्याचं दार वेगळं, जाण्याचं वेगळं. या दारांना 'पोर्ट' म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. माझ्या प्रोग्रामात येणाऱ्या पत्रांसाठी ११० होता आणि जाणाऱ्यांसाठी २५. मेल पाठवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले, तेव्हापासूनचं हे २५ नंबरचं दार. त्या काळी या जाळ्यावर माणसं थोडी, भरवसा जास्त. दाराला कडी नव्हती. पुढे २००३ मध्ये 'सोबिग' आणि जानेवारी २००४ मध्ये 'मायडूम' असे व्हायरस आले. ते स्वतःचा पोस्टमन बरोबर घेऊनच घरात शिरायचे. मालकाला पत्ता नसताना त्याच्या संगणकावरून ढिगानं मेल सुटायचे. असल्या प्रकारांमुळे अनेक इंटरनेट कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी २५ नंबरचं दार बंद करून टाकलं. पत्र पाठवणाऱ्यासाठी ५८७ नंबरचं दार १९९८ मध्येच नेमून दिलं होतं. तिथं आधी नाव आणि पासवर्ड सांगावा लागतो. माझ्या प्रोग्रामात मात्र जुनाच आकडा राहिला होता. जुन्या लाइनवर ते चालून गेलं, नव्या लाइनवर नाही.

मग चौकटीवर अँटिव्हायरसचं नाव का? कारण तो मध्ये उभा असतो. पत्र आपल्या हातात घेतो, तपासतो, पुढे देतो. पुढचं फाटक बंद दिसलं की परत येऊन निरोप सांगणाराही तोच. आणि मी निरोप्यालाच झोडपायला निघालो होतो.

दुरुस्ती दहा मिनिटांची. मेलच्या प्रोग्रामात 'आउटगोइंग सर्व्हर'च्या सेटिंगमध्ये जायचं, २५ च्या जागी ५८७ घालायचं, खाली 'स्टार्ट-टीएलएस' निवडायचं, नाव-पासवर्ड देण्याची खूण करायची. ज्याच्याकडे आपलं मेलचं खातं आहे त्याच्या मदतपानावर हे आकडे दिलेले असतात. काहींचा ४६५ असतो, तेव्हा बघूनच घाला.

पण इथं शिपायानं खरोखरच एक घोळ घातला. आता पत्र बंद लिफाफ्यातून जाणार. आत बघायचं तर त्याला लिफाफा फोडून स्वतःची मोहर लावून पुन्हा बंद करावा लागतो. मेलच्या प्रोग्रामला ही मोहर अनोळखी वाटली आणि प्रमाणपत्राबद्दल इशारा आला. भाच्यानं फक्त जाणाऱ्या मेलची तपासणी बंद करायला लावली. बाकी पहारा तसाच, कारण संगणकावरच्या फाइली तो एरवीही तपासत असतोच. वैतागून अख्खा अँटिव्हायरस बंद ठेवणारे लोक मी पाहिलेत. दाराची कुरकुर नको म्हणून दारच काढून ठेवण्यातला हा प्रकार.

"आता पाठवू का?" मी विचारलं.

"थांबा मामू. पेटीतली सगळी पत्रं एकदम सुटतील. आधी वाचून घ्या, शिळी झाली असतील ती काढा."

प्रस्तावना गेली. तासाभरात मित्राचा फोन आला. "मिळालं. तिसऱ्या पानावर माझ्या गावाचं नाव चुकवलंयस." एवढंच. मग दोघंही बराच वेळ हसत बसलो.

सांत्वनाचं पत्र मात्र मी पाठवलं नाही. नऊ दिवस उलटून गेले होते. ते पुसलं आणि सकाळच्या एसटीनं त्यांच्या घरी जाऊन आलो.