आधी सोबत बसा



श्रोतेहो, हातखंबा तिठ्यावर राहणाऱ्यांना महामार्गावरचा अपघात नवा नाही. उतारावर गाडी उलटली की वाडी धावते, जखमीला उचलते, रत्नागिरीला पोचवते. त्यात आपण कधी कमी पडलो नाही. कमी पडतो ते नंतर, टाके सुकल्यावर. तोच माणूस बोलता बोलता थांबतो, नजर एका जागी लागते, हाक ऐकू जात नाही. बाजारातून घरी कसा आलो ते त्याला आठवत नाही. आपलाच हात परक्याचा वाटतो म्हणतो. आणि आपण म्हणतो, नाटकं करतोय.

नाटक नव्हे ते. पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८९ सालीच हे मांडलं होतं. सोसण्यापलीकडचं काही घडलं, की मनाचा एक भाग बाकीच्या मनापासून तुटून राहतो. डॉक्टर याला डिसोसिएशन म्हणतात. त्याला अपघातच व्हावा लागतो असंही नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तशा आपत्तीतून वाचलेल्यालाही हे होऊ शकतं. आणि लहानपणी घरातल्याच कुणी केलेला अत्याचार, ज्याची बातमी कधीच होत नाही, तो तर याचं फार मोठं मूळ.

घराचंच बघा. आषाढाच्या झडीत एक खोली गळायला लागली तर आपण दार ओढून घेतो आणि उरलेल्या घरात संसार चालू ठेवतो. घर वाचवायलाच ते दार लावलेलं असतं. या माणसाचंही तेच झालंय, फक्त त्याने ते ठरवून केलेलं नाही. आणि आपण शेजारी धावत जाऊन नेमकं तेच दार ढकलतो. "काय झालं होतं त्या रात्री? सांगून टाक, मन मोकळं कर." की सगळं पाणी माजघरात! अहो, भर पावसात कुणी कौलं काढतं का? शाकारणीला उघडीप लागते आणि जाणता माणूस लागतो. तो जाणता म्हणजे डॉक्टर, समुपदेशक. उघडीप होईपर्यंत ओटीवर सोबत बसायला मात्र शेजारी हवा. ज्याच्या स्वतःच्या घरात अशी बंद खोली आहे, त्याच्याइतका चांगला शेजारी दुसरा नाही. तो दचकत नाही, खोटं म्हणत नाही. "मलाही होतं असं," एवढं तो म्हणाला तरी समोरच्याचा श्वास खाली बसतो.

अशा माणसांचे छोटे गट आपल्याकडे व्हायला हवेत. १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून सुटलेली माणसं नव्याने आलेल्यांना हात देतातच की. पण एक फरक नीट ऐका. व्यसनमुक्तीच्या बैठकीत माणूस आपली कहाणी सांगतो. इथे ती सांगायची नाही. एकाची कहाणी ऐकून दुसऱ्याचं दार धाडकन उघडतं. इथे बोलायचं ते आजच्या दिवसाचं. झोप लागली का, भानावर कशाने आलात. कुणाला गार पाण्याने बरं वाटतं, कुणाला तोंडात आंबट आमसूल धरल्याने. बैठकीत कुणी हरवला तर त्याला हलवू नका, न विचारता हात लावू नका. हळू आवाजात त्याचं नाव घ्या, वार सांगा, "आपण हातखंब्याला आहोत, पाय जमिनीला टेकव" म्हणा. आणि गोष्ट विचारू नका. हे मी पुन्हा सांगतोय, कारण आपल्या मायेला विचारल्याशिवाय राहवत नाही.

अशा हरवणाऱ्या माणसाला बाहेरचं लागलंय म्हणून मिरचीची धुरी देणारे अजून आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे जायला लाजू नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर गटावर विसंबू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो, फुकट आहे.

गट भरवायचा कुठे, हाही प्रश्न आहे. ग्रामपंचायतीत नको, कोण आत गेलं ते गाव बघतं. बायकांचा गट वेगळा असावा. घरच्यांसाठीही एक हवा, तीही माणसं थकलेली असतात, त्यांच्याबद्दल बरंच... पण मला खूण झाली आहे, वेळ संपली. जाता जाता एवढंच, आज कुणाकडे जाणार असाल तर गोष्ट विचारू नका.