गिळलेले परत येत नाही

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या पुळणीवर एक कासव वाहून आले. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा त्याच्या मानेला आणि पुढच्या पायाला करकचून आवळला होता. गावातल्या एका वृद्ध तांडेलांनी सुरीने एकेक दोरा कापला. कासव जिवंत होते, पण पाय निकामी झाला होता. तांडेल म्हणाले, "आमच्या वडिलांच्या वेळी सुताची जाळी असायची. समुद्रात राहिली तर कुजून जायची. हे कुजत नाही."

सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आला. प्लास्टिकचा जो गुण आपल्याला आवडला, तोच समुद्राला नडला. हातून सुटलेले जाळे मालकाविनाही मासेमारी करीतच राहते. कासवाला आपल्यासारखी फुप्फुसे असतात, श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. जाळ्यात अडकले की ते पाण्यातच गुदमरते.

दुसरा धोका खाण्याचा. तरंगणारी पिशवी जेलीफिशसारखी दिसते. कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले टोकदार काटे असतात. बुळबुळीत भक्ष्य निसटू नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. पण त्यामुळेच गिळलेली पिशवी त्याला बाहेर टाकता येत नाही. आतडी तुंबतात, पोट भरल्यासारखे वाटते आणि जीव उपाशी मरतो.

उन्हाने आणि लाटांनी प्लास्टिकचे तुकडे होतात, पण ते नाहीसे होत नाही. पाच मिलिमीटरहून बारीक कण तिसऱ्या, कालवे पाण्याबरोबर आत घेतात. आणि तिसऱ्या आपण पोटासकट खातो!

हा प्रश्न फक्त किनाऱ्यावरच्या लोकांचा नाही. पुण्यात मुठेत पडलेली पिशवी भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघते. २६ जुलै २००५च्या पुरानंतर गटारे तुंबवणाऱ्या पिशव्यांची चर्चा झाली. २०१८मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली. तरीही भाजीवाल्याकडे आपण "पिशवी द्या हो" म्हणतोच.

चांगलेही घडते आहे. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखली. जाळे कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८मध्ये सुरू झाली. किनाऱ्यावरचे लोक आपला वाटा उचलताहेत. आपला वाटा म्हणजे घरातून निघताना खिशात एक कापडी पिशवी, एवढाच.

ते कासव आम्ही वन खात्याच्या माणसांकडे सोपवले. जाळ्याचा तुकडा मात्र तांडेलांनी पडवीत टांगून ठेवला आहे. परवा गेलो तेव्हा ओढून पाहिला. इतक्या पावसाळ्यांनंतरही त्याचा एक दोरा तुटलेला नाही.