शांततेचा जमाखर्च

इ. स. १५४६ च्या सप्टेंबरात मेक्सिकोच्या उत्तरेकडील रुक्ष पठारावर, साकातेकास येथे, चांदीचा शोध लागला. आझ्टेकांची राजधानी १५२१ मध्ये पडली, त्यास पंचवीस वर्षे लोटली होती आणि स्पेनच्या राजाचा अंमल या देशात कायम झाला, असे राज्यकर्त्यांस वाटू लागले होते. चांदीने हा समज खोटा ठरविला. खाणी उत्तरेस, धान्य व राजधानी दक्षिणेस. आणि मधला मुलूख ज्यांचा होता त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

साकातेको, ग्वाचिचिल, ग्वामारे, पामे अशा अनेक जमाती येथे नांदत होत्या. दक्षिणेतील शेतकरी समाज त्यांना सरसकट ‘चिचिमेक’ म्हणे. स्पॅनिश लोकांनी तोच शब्द त्यातील तुच्छतेसह उचलला. निवडुंगाची बोंडे, मेस्किट झाडाच्या शेंगा आणि शिकार यांवर त्यांची गुजराण होई. (आपल्याकडील फड्या निवडुंग मूळचा त्याच खंडातला.) त्यांना नगरे नव्हती, सम्राट नव्हता. यास कोणी रानटीपणा म्हणो. युद्धात मात्र हेच त्यांचे बळ ठरले. आझ्टेकांचे राज्य राजधानीबरोबर कोसळले. येथे पाडावयास राजधानीच नव्हती! ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेची टोके बसविलेले त्यांचे बाण लोखंडी कड्यांच्या चिलखतातूनही आरपार जात.

१५५० पासून चांदीच्या वाटेवर तांडे लुटले जाऊ लागले. १५५४ मध्ये ओहुएलोसच्या खिंडीत साठ गाड्यांचा तांडा सापडला, तेव्हा तीस हजार पेसोंहून अधिक किमतीचा माल गेला. सरकारने वाटेवर ठाणी बसविली, तटबंदीसारख्या भक्कम गाड्या बांधविल्या, ओतोमी जमातीचे लोक आपल्या बाजूने लढविले. १५६८ मध्ये मार्तिन एन्रिकेस हा व्हाइसरॉय होऊन आला आणि त्याच्या बारा वर्षांच्या कारकिर्दीत ‘आग आणि रक्त’ यांचे युद्ध हेच धोरण झाले. धर्मपंडितांच्या सभा भरवून त्यास संमतीही मिळविण्यात आली. ठाणी वाढली, खर्च वाढला. हल्लेही वाढतच गेले.

असे का व्हावे? उत्तर रणभूमीवर नव्हते, पगारपत्रकात होते. सरहद्दीवरील शिपायास घोडा, शस्त्रे, अन्न सारे पदरचे घ्यावे लागे आणि मिळणाऱ्या वेतनात ते भागत नसे. १५४२ च्या कायद्यांनी इंडियनांस गुलाम करण्याची मनाई केली होती खरी. पण युद्धकैद्याकडून ठरावीक वर्षे सक्तीची चाकरी घेण्यास मुभा ठेवण्यात आली. ही चाकरी विकली जाई. म्हणजे पगाराची तूट कैद्यांच्या विक्रीने भरून निघे, आणि कैदी हवे तर युद्ध हवे. मग हल्ला करणारी टोळी सापडली नाही, तर शांतपणे राहणारी जवळची वस्ती धरली जाई. तिचे वाचलेले लोक दुसऱ्या दिवसापासून शत्रू होत. ज्या सैन्याने युद्ध संपवावयाचे, त्याचाच चरितार्थ युद्धावर चालला होता.

१५८५ मध्ये मेक्सिकोच्या धर्मपरिषदेने या युद्धास न्याय्य म्हणण्याचे नाकारले. त्याच वर्षी आलेला व्हाइसरॉय व्हियामान्रिके कारणे शोधू लागला, आणि लढाई शिपायांमुळेच पेटत राहते, असे त्याने राजास कळविले. त्याने कैद्यांचा व्यापार बंद केला, अनेकांस मुक्त केले, शिपायांची संख्या घटविली. आणि वाचलेल्या पैशातून तहास येणाऱ्या टोळ्यांना मका, मांस, कापड, कांबळी व शेतीची अवजारे देण्यास आरंभ केला. ज्या खजिन्यातून दारूगोळा सुटत असे त्यातूनच आता नांगर व कुदळी सुटू लागल्या. दुसऱ्याच एका अधिकारवादात त्याला १५९० मध्ये पद गमवावे लागले. परंतु त्याच्यामागून आलेल्या धाकट्या लुइस दे व्हेलास्कोने धोरण पालटले नाही, ही त्या इतिहासातील विरळा गोष्ट. टोळ्यांशी बोलणी करणाऱ्यांत मिगेल काल्देरा हा मिश्र रक्ताचा कप्तान अग्रेसर होता. १५९१ मध्ये त्लाश्काला प्रांतातील सुमारे चारशे इंडियन कुटुंबे उत्तरेस वसविण्यात आली, ती चिचिमेकांस शेती व स्थिर वस्ती शिकविण्यासाठी. त्लाश्कालाच्या लोकांनीही सौदा नीट केला: करमाफी, घोड्यावर बसण्याचा व शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यांनी निघण्यापूर्वीच लिहून घेतला. शतक संपण्याच्या सुमारास वाट निर्धास्त झाली.

हे औदार्य होते काय? चाळीस वर्षांच्या युद्धापेक्षा मका व कापड स्वस्त पडले, हा हिशेब त्यात होताच. शिवाय दानाबरोबर मिशनरी आले, वस्तीला जमीन आखून मिळाली, आणि आखलेल्या जमिनीबाहेरचा सारा मुलूख दुसऱ्यांस मोकळा झाला. १५९२ मध्ये ग्वाचिचिलांच्याच प्रदेशात, सेरो दे सान पेद्रो येथे, चांदी सापडली. लागलीच सान लुइस पोतोसी नगर उभे राहिले. जे बाणांनी चाळीस वर्षे राखले, ते तहानंतर दोन-तीन पिढ्यांत खाणी, गुराढोरांची कुरणे आणि साथीचे रोग यांच्या पायी गेले. युद्धात जिंकता न आलेले लोक शांततेत विरघळले. तरीही कैदी म्हणून विकले जाणे आणि वस्तीत राहून जगणे या दोहोंत त्या काळच्या मातेला फरक वाटला नसेल, असे कसे म्हणावे?

तहाच्या त्या काळात जेझुइटांनी ग्वानाह्वातो प्रदेशात वसविलेल्या मिशनच्या गावाचे नाव सान लुइस दे ला पास. त्यातील ‘पास’ म्हणजे शांतता. त्या गावालगतच्या वस्तीत होनास या चिचिमेक जमातीची भाषा आजही घरांतून बोलली जाते. ग्वाचिचिलांची भाषा बोलणारे मात्र कोणी उरलेले नाही.