बंगळूरच्या तळ्यांवरील पाणपक्षी

पाणपक्षी म्हटले की चिल्का किंवा पुलिकत यांसारखी किनाऱ्यालगतची विस्तीर्ण सरोवरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. बंगळूर मात्र समुद्रापासून दूर, सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले नगर आहे. मोठी नदीही त्याच्या वाट्याला आलेली नाही. तेथील पाणपक्ष्यांची सोय माणसाने केली, आणि तीही नकळत. शेतीच्या पाण्यासाठी ओढ्यांवर मातीचे बांध घालून जी तळी निर्माण झाली – कन्नड भाषेत त्यांना 'केरे' म्हणतात – तीच या पक्ष्यांची वसतिस्थाने ठरली.

या तळ्यांची घडण आपण ध्यानात घ्यावी. बांधाशी पाणी खोल असते. समोरच्या बाजूस ते उथळ होत होत चिखलात व गवतात विरून जाते. या उतारावर पक्ष्यांनी आपापल्या जागा वाटून घेतलेल्या असतात. खोल पाण्यात पाणकावळा आणि टिबुकली बुडी मारून मासे धरतात. टिबुकली घरटे सोडताना अंडी पाणगवताने झाकून जाते. झोळीवाला, म्हणजेच पेलिकन, पोहता पोहता चोचीखालच्या पिशवीत मासे भरतो. काळ्या अंगाच्या आणि कपाळी पांढरा टिळा लावलेल्या पक्ष्यास 'वारकरी' म्हणणाऱ्याची रसिकता वाखाणण्याजोगीच आहे! जेथे पाने तरंगतात तेथे कमळपक्षी लांब बोटांच्या आधाराने चालतो. त्याच्या कुळात अंडी उबविण्याचे काम नराकडे असते. शेकाट्याचे पाय लांब खरे, परंतु पाणी पोटापर्यंत आले की त्याचेही चालणे संपते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या तुतवारीला तर ओला काठच हवा.

धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज बसस्थानक आहे आणि संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण. उरलेल्यांपैकी अनेक तळ्यांचा गाळ काढण्यात आला, तो सदिच्छेनेच. पण तळ सर्वत्र सारखा खोल झाला, कडेने दगडी भिंत आणि फिरण्याचा रस्ता आला. पाणी भरपूर दिसते, त्यावर वारकरी आणि पाणकावळेही असतात. शेकाट्याला मात्र पाय टेकण्यास जागा नसते. आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. अशा गणनेत नुसता एकूण आकडा पाहणारा येथे फसतो. जाती कोणत्या राहिल्या, हे पाहावे लागते.

गाळ काढताना ओढा येतो त्या बाजूचा उतार न खोदता ठेवणे कठीण नाही. त्यासाठी वेगळा खर्चही पडत नाही. उलट तेवढे खोदकाम वाचते.